विषाचा संशय

चिकोडी-निपाणीच्या ऊसपट्ट्यात, संध्याकाळी धडधाकट असलेले कुत्रे सकाळी गोठ्यापाशी मरून पडलेले दिसले की, घरचे लोक पहिले नाव विषाचे घेतात आणि दुसरे बहुधा शेजाऱ्याचे. शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्याला मात्र आधी वेगळेच विचारायचे असते: मृत्यू केव्हा झाला, शव कुठे ठेवले होते आणि या कुत्र्याने अलीकडे कोणाला चावा घेतला होता का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर रेबीजची लस घेतलेल्या माणसाशिवाय डोक्याला कोणी हात लावत नाही. मेंदूचा ताजा नमुना बर्फात ठेवून बंगळूरला हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील रेबीज प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. बेळगावहून हे अंतर सुमारे 500 किलोमीटर आहे, त्यामुळे बर्फाची काळजी वाटभर घ्यावी लागते.

उन्हाळ्यात वेळ फार कमी मिळतो. केस आणि चरबी शरीरातील उष्णता धरून ठेवतात, स्वादुपिंड आणि आतड्याचे अस्तर काही तासांतच विरघळू लागते. म्हणून शव फ्रिजमध्ये सुमारे 4 अंशांवर ठेवावे. ते गोठवू नये, कारण बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखे फारसे उरत नाही.

हनुवटीपासून ओटीपोटापर्यंत छेद घेतल्यावर पशुवैद्य छाती आणि पोट पाहतो, आतडे मात्र शेवटी उघडतो, म्हणजे त्यातील घाण इतर अवयवांना लागत नाही. छातीत न गोठलेले रक्त साचले असेल, तर रक्त गोठू न देणाऱ्या उंदराच्या विषाची शंका येते. पिल्लाच्या लहान आतड्याचे अस्तर लालभडक आणि आत रक्ताळ द्रव असेल, तर पार्वो या विषाणूजन्य आजाराची. झिंक फॉस्फाइड या उंदीरनाशकाची शंका असल्यास जठर मोकळ्या हवेतच उघडतात, कारण त्यातून निघणारा वायू तपासणाऱ्यालाही घातक असतो.

सूक्ष्मदर्शकासाठी अवयवांचे पातळ काप त्यांच्या आकारमानाच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात, बुडवतात. विषाच्या तपासणीसाठी जठरातील अन्न, यकृत आणि मूत्रपिंड मात्र फॉर्मॅलिनविना, वेगवेगळ्या बाटल्यांत थंड ठेवून पाठवतात. नेमके काय शोधायचे, हे प्रयोगशाळेला सांगावे लागते. ती एकाच चाचणीत प्रत्येक विष शोधत नाही. त्यामुळे घरात कोणती उंदीरनाशके आणि शेतात कोणती फवारणीची औषधे वापरली जातात, याची माहिती, शक्य असल्यास पाकिटासह, शवाबरोबर द्यावी. अहवाल नकारात्मक आला, तर त्याचा अर्थ एवढाच की जे शोधले ते सापडले नाही.