केअर होम बघायचं ते रात्री

मंडळी, केअर होम बघायला आपण कधी जातो? रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, आधी फोन करून. तेव्हा फरशी पुसलेली असते, सगळ्यांच्या अंगावर धुतलेले कपडे असतात, आपल्यासाठी चहाही येतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की, आईला किंवा बाबांना तिथे ठेवायचं ठरवण्याआधी एकदा रात्री नऊनंतर जा. ‘रात्री येऊ नका’ असं सांगणारी जागा मी तरी निवडणार नाही.

बंगल्यात चालणाऱ्या दहा-पंधरा जणांच्या छोट्या केअर होमचा मोठा गुण म्हणजे तिथे माणूस ओळखला जातो. कुणाला वरण पातळ लागतं, कुणाला डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे तिथल्या मावशीला ठाऊक असतं. पण त्याच छोटेपणात धोकाही आहे. दोन मावश्यांपैकी एक गावी गेली की सगळं कोलमडतं. म्हणून मालकाला विचारा, पोळ्याला, दिवाळीला इथे कोण असतं? आणि रोज रात्री कोण जागं असतं?

जागं म्हणते आहे, नुसतं हजर नव्हे. स्वतः हलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाड, खुबा, टाचा इथल्या कातडीचा रक्तपुरवठा दाबाने तुटतो आणि बेडसोर होतात. मधुमेह असेल तर ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. चार जण अंथरुणाला खिळलेले आणि रात्री एकटी मावशी, तीही दिवसभर राबलेली. कूस बदलणार कोण? डायपर बदलणार कोण? कूस बदलल्याच्या नोंदीची वही मागा. संध्याकाळी सातलाच सगळे गाढ झोपलेले दिसले, तर झोपेची गोळी कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देता, हेही विचारा. गुंगीत लघवीला उठलेला माणूस पडतो आणि खुब्याचं हाड मोडून बसतो.

आपल्या नागपूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू! मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. वय वाढलं की तहान लागल्याची जाणीवच कमी होते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातलं पाणी आणखी घटतं. त्यात एक गोष्ट म्हातारी माणसं कुणाला सांगत नाहीत. संडासला नेण्यासाठी सारखं कुणाला हाक मारायची, या संकोचापायी ती पाणीच पीत नाहीत. म्हणून संडास पलंगापासून किती पावलांवर आहे ते चालून बघा. भिंतीला धरायला दांडा आहे का, तेही बघा. स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली नको. लाइट गेली की कूलर चालेल एवढी सोय आहे का, हेही बघून घ्या.

पैशांचं थोडक्यात सांगते. महिन्याच्या रकमेत डायपर, औषधं, फिजिओथेरपी धरली आहे का, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, हे लेखी घ्या. मध्यरात्री छातीत दुखलं तर मेडिकलला, म्हणजे सरकारी इस्पितळात, नेणार की खासगीत, आणि तुम्ही पुण्याहून पोहोचेपर्यंत खाटेजवळ कोण थांबेल, हेसुद्धा त्याच कागदावर हवं.

आता थोडं कडू बोलते. केअर होममध्ये ठेवण्याआधी आईचा अंगठा घेऊन घर नावावर करून घेणारे लोक आपल्यातच आहेत. ज्येष्ठांसाठी २००७चा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर केलेलं बक्षीसपत्र, ती अट पाळली नाही तर, न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. हा नंबर आईच्या पलंगाजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आणि हो, हे सगळं बघायला जाल तेव्हा आईलाही सोबत न्या. तिला त्या पलंगावर बसू द्या, तिथल्या आजींशी बोलू द्या. तुम्ही तेव्हा बाहेर थांबा. पहिला महिना राहून बघायचा, असं तिच्यासमोरच ठरवा. तो महिना संपेपर्यंत घरातली तिची खोली रिकामी करू नका, भाड्याने तर मुळीच देऊ नका.