केबल कुठे तुटली?

[दृश्य: कासचा रस्ता, धुकं, पाऊस]
साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीकडे उतरणारा हा रस्ता. खाली शिवसागर, कोयनेचं साठवलेलं पाणी. काठावरच्या कित्येक वाड्यांना आजही लाँचनंच जायचं. टॉवर उभा आहे, वीज आहे. रेंज नाही.

[दृश्य: कंट्रोल रूम, लाल ठिपके]
वीज गेली, बॅटरी उतरली, डिझेल संपत आलं, की टॉवर स्वतःच कळवतो. आज एका रस्त्यावरचे सगळे टॉवर एकाच मिनिटाला गप्प झाले. म्हणजे त्यांना जोडणारी काचेच्या तंतूंची केबल गेली.

[दृश्य: ओटीडीआरचा पडदा]
ओटीडीआर म्हणजे केबल कुठे तुटली ते शोधणारं यंत्र. ते केबलमध्ये प्रकाशाचा क्षणभराचा झोत सोडतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. जाऊन परत यायला १ मायक्रोसेकंद लागला, तर अंतर १०० मीटर. केबल जिथं तुटली, तिथं पडद्यावरची रेष कोसळते.

पण हे अंतर केबलचं, रस्त्याचं नव्हे. दुरुस्तीसाठी चेंबरमध्ये, म्हणजे जमिनीतल्या झाकणाच्या खड्ड्यात, केबलची वेटोळी (लूप) राखून ठेवतात. कुठल्या चेंबरात किती मीटर लूप, केबल कुठल्या मोरीखालून जाते, रस्ता कुठं ओलांडते, हे माहीत नसेल तर यंत्राचा आकडा घेऊन पावसात हिंडत बसा.

[दृश्य: प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली डायरी]
इथं ते सगळं केबल दुरुस्त करणाऱ्या या दादांच्या डायरीत आहे. रेंज नसलेल्या २४,६८० गावांत ४जी नेण्यासाठी केंद्रानं २०२२ मध्ये २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. तिच्यात ५ वर्षांचा चालवण्याचा खर्चही धरला, हे बरंच झालं. पण अशी डायरी ठेवायची कुणी, आणि दादा निवृत्त झाल्यावर ती कुणाकडे जाणार?

[दृश्य: खड्डा, जेसीबी]
मोरीच्या कामावरच्या जेसीबीचा दात लागला. खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवायला मार्च २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप आहे. ते उघडायला रेंज लागते, हा भाग वेगळा.

[दृश्य: स्प्लायसिंग (तंतूंची जोडणी), क्लोजअप]
छत्री मशीनवर, माणूस पावसात. आवरण सोललं, जेल पुसली. निळ्याला निळा, नारिंगीला नारिंगी, हिरव्याला हिरवा. तंतू १२५ मायक्रॉनचा. प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉन. दोन्ही टोकं समोरासमोर येतात, ठिणगी पडते, काच वितळून एक होते. वर संरक्षक स्लीव्ह. मग पुढचा तंतू.

[दृश्य: रेशन दुकान]
तोवर रेशनचं मशीन बंद, आणि १०८ ला फोन लावायचा तर डोंगर चढायचा.

[दृश्य: दादा लिहिताना]
महाबळेश्वर-तापोळ्याकडून दुसरी केबल येऊन रिंग जोडली गेली, तर एक बाजू तुटल्यावर दुसरीकडून काम चालेल. तोवर भिस्त या नोंदींवर. जोडणीसाठी शेजारच्या चेंबरातलं वेटोळं ओढून घेतलंय. लूप किती उरला ते आजच लिहायला हवं, नाहीतर पुढच्या वेळी खड्डा भलतीकडेच खणला जाईल.