पळ काढा: शरीर, पाप आणि मंडळी

[दृश्य: गुरुवार पेठ, सकाळ. पंचहौद चर्चचा मनोरा, खाली रहदारी.]

लैंगिक पापाचा विषय निघाला की ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सहसा दोनच गोष्टी होतात. विषय टाळला जातो, नाहीतर तरुण संघाच्या शिबिरात शेवटच्या रात्री मुलांना दरडावलं जातं. दोन्हींतून मुलांच्या मनात एकच समज पक्का बसतो: शरीर घाणेरडं आहे आणि देवाला फक्त आत्म्याशी देणंघेणं आहे.

ख्रिस्ती शिकवण याच्या नेमकी उलट आहे. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव आपली निर्मिती पाहतो आणि ती फार चांगली ठरते. त्यात स्त्री-पुरुषाचं शरीर आलंच. योहानाच्या शुभवर्तमानात शब्द, म्हणजे ख्रिस्त, देही होतो. दर रविवारी प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, म्हणताना आपण शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याचं सांगतो. जे शरीर देव पुन्हा उठवणार आहे, त्याच्याशी कसंही वागलं तरी चालेल असं म्हणता येत नाही. शिकवण कडक आहे ती यामुळे.

[दृश्य: नकाशा. करिंथ, दोन बाजूंना दोन बंदरं.]

या विषयावरचा सगळ्यात नेमका मजकूर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे, १२ ते २० ही वचनं. अफ्रोदितेच्या मंदिरातल्या हजार गणिकांची गोष्ट प्रवचनांत नेहमी ऐकू येते. ती जुन्या ग्रीक करिंथची आहे. ते शहर रोमनांनी इसवी सनपूर्व १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल दीड वर्ष राहिला ते करिंथ इसवी सनपूर्व ४४ मध्ये नव्यानं वसवलेलं रोमन शहर. तिथे गुलाम होते, मुक्त झालेले गुलाम होते, व्यापारी होते आणि वेश्यागमन ही चारचौघांत खपून जाणारी बाब होती.

मंडळीतल्या काहींचा युक्तिवाद असा दिसतो: अन्न पोटासाठी, पोट अन्नासाठी, देव दोन्ही नाहीसं करणार, मग शरीराच्या बाकी भुकेचंही तसंच. पौल अन्नाबद्दल वाद घालत नाही, पण शरीर प्रभूसाठी आहे आणि प्रभू शरीरासाठी, असं ठामपणे सांगतो. पुढे त्याची कारणं येतात. देवानं प्रभूला उठवलं, तो आपल्यालाही उठवेल. तुमची शरीरं ख्रिस्ताचे अवयव आहेत. तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. आणि तुम्हाला मोल देऊन विकत घेतलेलं आहे.

हे शेवटचं कारण करिंथच्या गुलामाच्या कानांनी ऐकायला हवं. रोमन जगात त्याच्या किंवा तिच्या शरीरावर मालकाची सत्ता चाले, लैंगिक बाबतीतही. अशा माणसाला पौल सांगतो की तुझ्या शरीराचा धनी दुसराच आहे आणि त्यानं तुझ्यासाठी मोल मोजलंय. नियमांच्या यादीतून एवढा मान कधी मिळाला नसता.

[दृश्य: रात्र. विमाननगरमधला पीजी, दोन खाटा, एका उशीखाली फोनचा उजेड.]

याच उताऱ्यात आज्ञा येते: जारकर्मापासून पळ काढा. सैतानाला अडवा, म्हणजे तो पळेल, असं याकोब लिहितो. इथे मात्र पळायचं आपण. मालकाची, पोटीफरची बायको गळ घालू लागली तेव्हा योसेफानं तिच्याशी चर्चा केली नाही, अंगरखा तिच्या हातात सोडून तो बाहेर पडला. नीतिसूत्रांच्या सातव्या अध्यायातला तरुण नेमकं उलट करतो. संध्याकाळ कलली आहे, तो एकटा आहे आणि परस्त्रीच्या कोपऱ्याजवळच्या वाटेनं चालला आहे. तिनं हाक मारण्याआधीच तो निम्मा हरला आहे. म्हणूनच पाचवा अध्याय तिच्या घराच्या दाराजवळही फिरकू नको, असं बजावतो.

आज ती वाट बहुतेकदा फोनमधून, अश्लील चित्रफितींतून जाते. याकोबानं तिचे टप्पे दिले आहेत: वासना ओढते, भुलवते, मग गर्भवती होऊन पापाला जन्म देते, आणि वाढलेलं पाप मरणाला. शेवटच्या टप्प्यावर मनाचा निग्रह कामी येत नाही. साखळी पहिल्या कडीशी तोडावी लागते, आणि त्यासाठी ती कडी कुठली ते ठाऊक हवं. मागच्या काही वेळा आठवून प्रत्येक वेळची वेळ, जागा आणि मनःस्थिती कागदावर लिहा. हिंजवडीतल्या शिफ्टवरून आलेला थकवा, रविवार दुपारचं रिकामपण, घरच्यांशी फोनवर झालेलं भांडण, असं काहीतरी पुन्हा पुन्हा सापडेल. मग बंदोबस्त तिथेच करायचा. फोनचा चार्जर झोपायच्या खोलीबाहेर ठेवा आणि सकाळच्या गजरासाठी साधं घड्याळ घ्या. लॉकचा पासवर्ड रूममेटला ठाऊक असू द्या. फोन ठेवायची वेळ दिवसाच ठरवा, कारण रात्री अकरानंतर ठरवलेलं सहसा टिकत नाही.

नुसतं ॲप काढून भागत नाही. अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून रिकामं राहिलं, आणि तो आणखी सात घेऊन परतला, हे येशूनंच सांगितलं आहे. मोकळ्या झालेल्या तासात काय करायचं हेही आधी ठरवा: प्रार्थना, व्यायाम, कुणाकडे जेवायला जाणं.

आणि एका माणसाला सांगा. तो आपल्याच लिंगाचा, वयानं आणि विश्वासानं मोठा, पोटात गोष्ट ठेवणारा असावा. आठवड्यातला एक वार ठरवून भेटा. त्यानं थेट विचारावं, आपण थेट उत्तर द्यावं. पडल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता दुसऱ्या दिवशीच कळवावं, कारण लाजेनं गप्प राहिलेला माणूस लगेच पुन्हा पडतो. तरुण-तरुणींच्या मिश्र गटात तपशिलवार कबुली देऊ नये. ऐकणाऱ्यांच्या मनात नवीच चित्रं उभी राहतात आणि सोमवारपर्यंत गोष्ट गावभर होते.

[दृश्य: नाना पेठ, सिटी चर्च. पापनिवेदनाची जागा.]

कॅथलिकांसाठी पापनिवेदनाचा संस्कार आहे. गंभीर पापाचा प्रकार आणि अंदाजे किती वेळा, एवढं सांगणं पुरेसं असतं, वर्णन करावं लागत नाही. फादर ते कुणालाही सांगू शकत नाहीत. पाप प्राणघातक, म्हणजे देवाशी नातं तोडणारं, ठरायला तीन गोष्टी लागतात: गंभीर विषय, पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती. हस्तमैथुनाबाबत कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सवयीचा जोर आणि मानसिक ताण यांमुळे दोष कमी होऊ शकतो, हे मान्य करतो. सवय आटोक्याबाहेर गेली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यानं विश्वासाला उणेपणा येत नाही.

मोह म्हणजे पाप नव्हे, हे तरुणांना वेळीच सांगा. इब्री लोकांस पत्रानुसार येशूलाही सर्व प्रकारे मोह झाला. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात दोष आहे तो वासनेनं पाहण्याचा. कुणी सुंदर दिसलं म्हणून जो रात्रभर पश्चात्ताप करतो, त्याची शक्ती नको तिथे खर्च होते आणि खरी लढाई तशीच राहते.

लग्नानं हा प्रश्न आपोआप सुटतो असं समजून पुष्कळ घरांत घाईनं लग्नं लावली जातात. फोनची सवय मुलाबरोबर संसारात येते, आणि किंमत बायको मोजते. पौल त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात नवऱ्याच्या शरीरावर बायकोचाही अधिकार सांगतो, आणि दोघांनी दूर राहायचं तर ते परस्पर संमतीनं, काही काळ, प्रार्थनेसाठी. त्या काळात हे समसमान अधिकार विलक्षण होते. जबरदस्तीला या वचनाचा आधार घेणं म्हणजे वचन मोडणं आहे.

[दृश्य: रिकामं सभागृह, मागच्या बाकावर कॅमेरा स्थिर.]

आता मंडळ्या जिथे सर्वांत जास्त चुकतात ते. दुसऱ्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर बलात्कार करतो. दावीद राजा संतापतो, पण करत काहीच नाही. भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. दोन वर्षांनी तोच अम्नोनाचा खून करवतो आणि पुढे राज्यात बंड होतं. घराची अब्रू राखायला धरलेलं मौन ते घरच मोडतं. तामारनं पाप केलं नव्हतं. तिच्यावर झालं होतं. अशा मुलीला पश्चात्तापाची प्रार्थना करायला लावणं हा नवा अन्याय आहे.

मूल १८ वर्षांखालचं असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार माहिती असलेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास २१ व्या कलमात शिक्षा आहे. मंडळीची समिती पोलिसांची जागा घेऊ शकत नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन रविवारशाळेच्या भिंतीवर लिहिलेली असावी.

[दृश्य: केडगाव, मुक्ती मिशनचं आवार.]

पंडिता रमाबाईंची ओळख वाँटेजच्या सिस्टर्सशी, म्हणजे इंग्लंडमधल्या अँग्लिकन संन्यासिनींशी, पुण्यातच झाली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांना लंडनच्या फुलहॅम भागात सिस्टर्सचं ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांमधलं काम पाहायला मिळालं. समाजानं टाकलेल्या बायकांना इतक्या मायेनं वागवणारे लोक पाहून त्यांनी कारण विचारलं. सिस्टरनं योहानाच्या चौथ्या अध्यायातली, येशू जिच्याशी विहिरीवर बोलला त्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी आपल्या साक्षीत हा प्रसंग कळकळीनं नोंदवला आहे. पुढे दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभारलं.

राहिली शिस्तीची बाब. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात बापाच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्याला मंडळीबाहेर काढायला पौल सांगतो. दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात शिक्षा झालेल्या एका माणसाबद्दल तो लिहितो की झाली ती पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हा तोच माणूस असावा, असं पुष्कळ भाष्यकार धरून चालतात. आपल्या मंडळ्यांच्या इतिवृत्तांत बाहेर काढल्याचे ठराव सापडतात. परत घेण्याचा ठराव, त्याची तारीख आणि त्या माणसाला घरी जाऊन आणणाऱ्या मंडळीच्या दोन वडीलजनांची नावं, हे सगळं बाहेर काढण्याच्या त्याच सभेत ठरलं पाहिजे.