ईयोबाचे मित्र बोलू लागतात तेव्हा

पाळकसाहेब, मंडळीतले वडील आणि बंधुभगिनींनो, सलाम.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘आजारपणात मनाची काळजी आणि ख्रिस्ती विश्वास’. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी भेटायला येणाऱ्यांबद्दल बोलू द्या. नाव कोणाचं घेणार नाही, घाबरू नका.

बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार! अंगभर गळवं, राखेत बसलाय, खापरीनं अंग खाजवतोय. त्याचे मित्र एलीफज, बिल्दद आणि सोफर येतात. लांबून त्याला ओळखतही नाहीत, हंबरडा फोडतात, आणि मग सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. एक शब्द न बोलता. आजाऱ्याची याहून चांगली भेट मला पवित्र शास्त्रात सापडलेली नाही. आठव्या दिवशी उठून घरी गेले असते, तर आपण मुलांना त्यांची नावं ठेवली असती.

पण ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि यांना राहवत नाही. एलीफज विचारतो, निर्दोष माणसाचा कधी नाश झालाय का? बिल्दद म्हणतो, तुझ्या मुलांनीच पाप केलं असेल. मुलं गेलेल्या बापाला! सोफरच्या मते तर शिक्षा अपराधाच्या मानानं कमीच. एवढं झाल्यावर अलीहू नावाचा तरुण उभा राहतो आणि सहा अध्याय बोलतो. प्रत्येक मंडळीत एक अलीहू असतो. आज आला असेल तर हात वर करू नये.

आणि ईयोबाच्या पुस्तकाच्या 42व्या अध्यायात देव एलीफजाला सांगतो, तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग पेटलाय, माझ्याविषयी ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे कुरकुर करणारा बरोबर आणि देवाची वकिली करणारे चूक! वर या तिघांसाठी प्रार्थना कोणी करायची? ईयोबानं. तीही त्याची दशा पालटण्याआधी.

मी आजारी होते तेव्हा असेच एक गृहस्थ आले. खुर्ची ओढली, म्हणाले, “सिस्टर...” तर नर्सच वळली. पुढे म्हणाले, “काही कबूल करायचं राहिलंय का?” मला सलाईन लावलेलं, उठून जायची सोय नव्हती. मग साक्ष सुरू. त्यांच्या मेहुण्यांना हाच आजार. त्यांनी औषधं सोडली आणि विश्वास धरला. मी विचारलं, आता कसे आहेत? तर म्हणाले, “प्रभूकडे आहेत.”

तुम्ही हसताय, मीही आता हसते. त्या रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. लहानपणापासूनची पापं आठवत पडले. दुखणं शरीराचं होतं, अपराधीपणा भेट म्हणून मिळाला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशूनं सांगितलं, यानंही नाही आणि त्यांनीही नाही. योहानाचा 9वा अध्याय. तो वाचूनही आपण विचारतोच.

आणि आजाऱ्यानं कायम हसतमुख का असावं? 13व्या स्तोत्रात दावीद पहिल्या दोन ओव्यांतच चार वेळा विचारतो, कुठवर? पण ते शेवटी गाण्याकडे वळतं. 88वं वळतही नाही, अंधारातच संपतं. ते कोणी काढून टाकलं नाही. आपल्या प्रार्थनासभेत कोणी म्हटलं असतं, तर दुसरं गीत घ्या म्हणून खूण झाली असती.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता धावत.

आधी शरीर. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो, वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे म्हणतो. देवाचा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावर.

औषध. हिज्कीया राजाला बरं करण्याचं वचन देवानं दिल्यावरही यशया संदेष्ट्यानं अंजिरांचा लेप लावायला सांगितला. मनाच्या दुखण्यालाही हेच. उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप, भूक गेली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जीव द्यावासा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी जा. प्रार्थना सोबत चालू द्या.

बरं न होणं म्हणजे विश्वास कमी, हेही सोडा. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले, त्या पौलानं आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावात आजारीच ठेवलं. स्वतःच्या शरीरातल्या ‘काट्यासाठी’, म्हणजे सतत छळणाऱ्या त्रासासाठी, तीनदा प्रभूला विनंती केली. काटा राहिला. उत्तर मिळालं, “माझी कृपा तुला पुरे आहे.”

शेवटचं, प्रार्थना करून आजाऱ्याला तेल लावणं. याकोब 5:14 नीट वाचा, मंडळीच्या वडिलांना बोलवायचंय ते आजाऱ्यानं. त्याची इच्छा आधी. कॅथलिक बंधूंना सांगते, तेल लावण्याचा हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्यांचा नाही, असं व्हॅटिकन परिषदेनं 1963 मध्येच म्हटलंय. तरी आजारी घाबरेल म्हणून घरचे फादरना उशिराच बोलावतात. लवकर बोलवा. आणि भेटायला जाताना आधी विचारा. ‘आज नको’ म्हणाले तर रागावू नका. मात्र रात्री जागणाऱ्या घरच्या माणसाला दुपारी दोन तास झोपायला पाठवा आणि तेवढा वेळ तुम्ही बसा. गप्प बसलात तरी चालेल.

प्रश्न असतील तर बाहेर भेटू. अलीहूंना शेवटी घेईन.