पिराय झाली गो

नमस्कार मंडळी. मी रिटायर्ड नर्स, डिचोलीकडची. ३१ वर्षं वॉर्डात काढली आणि तेवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य कुठलं म्हणाल तर "पिराय झाली गो सिस्टर", म्हणजे वय झालं. म्हातारी जेवत नाही, पिराय झाली. म्हातारा पडला, पिराय झाली. पिराय होते हे खरंच, २०११च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या वरची माणसं शंभरात अकरा होती, देशात तेव्हा साडेआठच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे म्हातारी माणसं जरा जास्तच. पण वयाच्या नावावर आपण नको ते खपवून घेतो आणि त्यातलं कितीतरी बरं होण्यासारखं असतं, हेच सांगायला आज आलेय.

आमच्या वाड्यावरची एक आजी. गणेश चवथीपर्यंत एकदम बरी होती, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या चौकटीला, काय काय बांधायचं ते सुनेला तिनंच सांगितलं, आणि विसर्जनानंतर दोन दिवसांनी रात्री उठून बसली नि म्हणते, बलकावात (दारापुढच्या ओसरीवर) हे येऊन बसलेत, त्यांना चहा द्या. आजोबा जाऊन नऊ वर्षं झालेली! घरात रडारड, कोण म्हणतं डोक्यावर परिणाम झाला, कोण म्हणतं देवळात गाऱ्हाणं घाला. गाऱ्हाणं घालायला माझी ना नाही, पण मी म्हटलं आधी लघवीची टेस्ट करा. इन्फेक्शन निघालं. ताप नव्हता, जळजळ नव्हती, म्हाताऱ्या माणसांत असं होतं, इन्फेक्शन कुठेही असो, दिसतं ते डोक्यात. औषध सुरू झालं आणि आठवड्याभरात आजी परत सुनेच्या चुका काढायला लागली.

तर हे लक्षात ठेवा, विसरभोळेपणा महिनोन् महिने हळूहळू वाढतो तो आजार वेगळा आणि काल बरं असलेलं माणूस आज बडबडायला लागलं तर ते वेगळं, त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. ते त्याच दिवशी दाखवायचं, उद्यावर टाकायचं नाही. इन्फेक्शन असेल, शुगर उतरली असेल, अंगातलं पाणी कमी झालं असेल, कधीकधी झोपेची गोळी नाहीतर दुकानातून आणलेली सर्दीची साधी गोळीसुद्धा पुरते.

पाण्याचं सांगते. वय वाढलं की तहान लागणंच कमी होतं, आणि वर रात्री उठायला लागू नये म्हणून ही माणसं मुद्दाम पाणी पीत नाहीत. "पाणी हवं का?" विचारलं तर उत्तर नको असंच येणार. विचारू नका, हातात द्या. आपली उकड्या तांदळाची पेज आहे की, थोडी पातळ करून दिवसातून दोनदा दिली तरी खूप झालं. फक्त हार्ट किंवा किडनीचा पेशंट असेल तर पाणी किती द्यायचं ते डॉक्टरला विचारून.

पडण्याचं थोडक्यात. झोपून उठल्या उठल्या बीपी खाली येतं, म्हणून खाटेच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसवा, मग उभं करा. साठीच्या डोळ्यात विशीच्या मानानं तिसरा हिस्सा उजेड पोचतो, तेव्हा बाथरूमच्या वाटेवर रात्री बल्ब राहू दे, बिल मागाहून बघू. आणि जूनमध्ये अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं ते घासून काढा.

आता अंथरुणाला खिळलेल्यांचं, इथे मी जरा जास्त बोलणार. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. हाड जिथे टेकतं तिथे दाबानं रक्त पोचत नाही आणि कातडी आतून मरते. आपल्या सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं, गरम लागतं का, घट्ट लागतं का. मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही पाठीला स्पिरिट चोळायचो, वर पावडर, आणि खाली रबराची रिंग. आज यातलं काहीच करायचं नाही. चोळल्यानं नाजूक कातडी आणखी फाटते, आणि रिंगनं कडेचा दाब वाढतो. (दयानंद योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या महिन्याच्या मदतीचे, पैसे डायपरात संपतात, मुलगा दुबईला आणि सगळं एकट्या सुनेवर, तिनं रात्री दोनला उठायचं हे रेडिओवर सांगायला सोपं आहे, मला माहीत आहे. म्हणून पाळ्या लावा. कुणाशी बोलायचं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.)

एवढं शिकवणारी मी, आणि माझ्याच बाबांच्या टाचेला जखम झाली. पाठ रोज बघायचे, कुल्ले बघायचे, टाच राहिली. भरून यायला चार महिने लागले. तेव्हापासून पोटरीखाली उशी, टाच अधांतरी, आणि रोज संध्याकाळी वाकून दोन्ही टाचा बघणं. बाबांचं वय ८७. परवा मी वाकले तर म्हणतात, "सकाळीच पडलीस गो पाया, किती आशीर्वाद घेशील?"