लॅपटॉपवरचा पंपवाला

(पडद्यावर: जालना. मे महिना, दुपारचे तीन. पत्र्याच्या शेडमधलं गॅरेज. गाडीच्या स्टिअरिंगखालून निघालेली वायर लॅपटॉपला जोडलेली.)

इंजिन बंद आहे, चावी ऑन आहे आणि बॅटरीला चार्जर लावलेला आहे. स्क्रीनवर हिरवी पट्टी हळूहळू पुढं सरकतेय. शेडमध्ये कुणी बोलत नाही. फाइल चढत असताना व्होल्टेज पडलं, तर इंजिनाचा कॉम्प्युटर जागेवर मरू शकतो आणि गाडी ढकलतच बाहेर काढावी लागते. म्हणून लाइट जायच्या वेळेला मिस्त्री हे काम हातात घेत नाही.

याला म्हणतात रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलणं, बहुतेकदा ताकद वाढवायला.

काम नवं वाटतं, पण आपल्याकडं ते जुनंच आहे. 30 वर्षांपूर्वी ते पान्यानं व्हायचं. तालुक्याच्या गावी ‘पंप-नोझल’ची पाटी असायची, आजही दिसते. ट्रॅक्टरचा नाहीतर जीपचा डिझेल पंप दुरुस्तीला यायचा आणि जाता जाता मालक हळूच म्हणायचा, “जरा डिझेल वाढवून द्या की.” पंपवाला एक स्क्रू फिरवायचा. ट्रॉली चढाला जोरात ओढायची आणि मागं काळ्या धुराचा लोट. धूर जास्त म्हणजे ताकद जास्त, अशी पक्की समजूत! खरं तर तो धूर म्हणजे हवा कमी पडल्यानं अर्धवट जळलेलं, मालकानं पैसे मोजून भरलेलं डिझेल.

आता स्क्रूच्या जागी फाइल आली.

(पडद्यावर: स्क्रीनवर आकड्यांचे तक्ते.)

हे आकडे म्हणजे मॅप. इतक्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), ॲक्सिलरेटर इतका दाबला, हवा इतकी गरम, तर डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, टर्बोनं, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यानं, हवा किती दाबायची. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा तोच कॉम्प्युटर, हे तक्ते सेकंदाला कितीतरी वेळा वाचतो. त्यांच्यावर पहारेकरीही बसवलेले असतात. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, अमुकच्या वर जाऊ द्यायचा नाही, धूर व्हायला लागला की डिझेल आवरायचं, इंजिन तापलं की ताकद कमी करायची. रिमॅप करणारा तक्त्यांतले आकडे वाढवतो. त्यानं पहारेकऱ्यांचं काय केलं, हे गिऱ्हाइकाला कधी कळत नाही.

टर्बो डिझेलला नुसत्या सॉफ्टवेअरनं 20 ते 30 टक्के ताकद वाढते, असं सांगितलं जातं. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत फारसं काही हाती लागत नाही. तिथं पैसे घालवू नयेत, हे आमचं सरळ मत.

मग कंपनीनं ही ताकद दडवून ठेवली होती का? गॅरेजात हा प्रश्न हमखास निघतो आणि उत्तरही ठरलेलं असतं: “कंपनी गाडी दाबूनच देती हो.”

एक उदाहरण बघू. फियाटचं 1.3 लिटरचं डिझेल इंजिन. स्विफ्टमध्ये तेच होतं, इंडिका व्हिस्टात तेच, पुंटोतही तेच. स्विफ्टमध्ये त्याची ताकद होती 75 पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) आणि टॉर्क 190 न्यूटन मीटर. अर्टिगात तेच इंजिन 90 पीएसचं झालं. लोक म्हणतात, बघा, फाइल बदलली की झालं! पण अर्टिगात टर्बोच वेगळा होता, पाती हलवून हवेचा दाब सांभाळणारा. आणि एवढं करून कंपनीनं टॉर्क किती वाढवला? 190 चा 200.

उरलेली ताकद दडवलेली नसते, राखून ठेवलेली असते. बोअरची मोटर ज्यानं जाळलीय त्याला हे वेगळं सांगायला नको. वाइंडिंग चांगल्या व्होल्टेजला जळत नाही. रात्री व्होल्टेज पडतं, पाणी खोल जातं आणि मोटर तशीच चालू राहते, तेव्हा जळते. कंपनी गाडी बनवते ती अशाच रात्रीसाठी. एअर फिल्टर काळ्या मातीच्या धुळीनं भरलेला, ऑइल बदलायला उशीर झालेला, गाडीत सहा माणसं, वर सामान आणि बाहेर 43 अंश.

(पडद्यावर: समृद्धी महामार्ग. डांबरावर हलणारी गरम हवा.)

43 अंशांचा हिशोब सोपा आहे. 25 अंशांच्या हवेपेक्षा 43 अंशांची हवा सुमारे 6 टक्के विरळ असते, म्हणजे प्राणवायूही तेवढा कमी. इंटरकूलर टर्बोतून आलेली हवा थंड करतो खरा, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. डिझेल वाढवलेलं, हवा घटलेली. मग धूर वाढतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. पूर्ण जोरावर चालणाऱ्या डिझेलचा एक्झॉस्ट 700 अंशांच्या वर सहज जातो. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूचा. तरी तो टिकतो, कारण आगीचा झटका क्षणभराचा असतो, उष्णता रिंगांतून सिलिंडरच्या भिंतीत जाते आणि बऱ्याच इंजिनांत खालून ऑइलची पिचकारी सतत बसत असते. हा ताळमेळ मोडला की आधी टर्बो जातो, आणि आपण ऐकलंच नाही तर पिस्टन.

गावात, बाजारात ही वेळ येत नाही. तिथं पाय पूर्ण दाबला जातो चार-पाच सेकंद, मग म्हैस तरी आडवी येते नाहीतर स्पीडब्रेकर. समृद्धीवर म्हैस नाही. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा उघडला आणि मराठवाड्याच्या गाड्यांना पहिल्यांदा असा रस्ता मिळाला, जिथं पाय तासभर उचलावा लागत नाही. कारसाठी मर्यादा 120 ची. आता गंमत बघा. सपाटीला 120 नं जायला 75 पीएसच्या गाडीची अर्धी ताकदही लागत नाही. म्हणजे मर्यादा पाळणाऱ्याला इथं रिमॅपचा उपयोगच नाही, आणि ज्याला उपयोग होतो तो 150 वर, भर दुपारी, इंजिनाला उसंत न देता चाललेला असतो.

इंजिनाच्या आधी बऱ्याचदा क्लच बोलतो. आरपीएम चढतात, वेग चढत नाही, जळका वास येतो. इथं खर्च निदान कळण्यासारखा तरी असतो.

रिमॅपपेक्षा स्वस्त म्हणून एक डबी विकली जाते. इंजेक्टरना दाबानं डिझेल पुरवणारी जी नळी असते, रेल, तिच्या प्रेशर सेन्सरच्या वायरीत ती बसते आणि ईसीएमशी खोटं बोलते: दाब कमी आहे. बिचारा ईसीएम दाब वाढवतो. आपल्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. या रेलमध्ये 1600 बार आणि त्याहूनही जास्त दाब असतो. तिथं खोटं बोलणारं काही बसवायचं आमचं तरी धाडस होणार नाही.

कायद्याचंही ऐकून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला आडवं येतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बीएस-6 (प्रदूषणाचे नवे नियम) डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढून फाइलीत बंद करणं, हा तर उघडउघड प्रदूषणाचा गुन्हा. फाइल बदलल्याचं सर्व्हिस सेंटरला कळू शकतं आणि वॉरंटी तिथंच अडते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी वर येतो.

(पडद्यावर: पुन्हा गॅरेज.)

हा मिस्त्री मात्र आधी प्रश्न विचारतो. गाडी किती चाललीय? क्लच कधी टाकला? टर्बोच्या पाइपात ऑइल येतं का? मग लॅपटॉप लावूनच चक्कर मारतो आणि हवेचा दाब, रेलचा दाब लिहून घेतो. मूळ फाइल वाचून जपून ठेवतो. आलेल्या तीन गाड्यांपैकी एक त्यानं परत पाठवली, इंजेक्टर गळत होते. जो माणूस काहीच न विचारता 20 मिनिटांत फाइल चढवून देतो, त्याच्याकडं आम्ही आमची गाडी नेणार नाही.

हिरवी पट्टी आता शेवटाला आलीय. फाइल चढली. पण ही जोराची फाइल नव्हे. मालकानं गेल्या पावसाळ्यात रिमॅप केला होता, आज तो कंपनीची मूळ फाइल परत टाकून घेतोय. पुढच्या आठवड्यात लग्नाला नागपूरला जायचंय, सगळं घर घेऊन, समृद्धीनं.

“मग तेवढे पैसे घातले कशाला?” आम्ही विचारलं.

“जून लागला की परत टाकायची हो ती फाइल,” तो म्हणाला. “लई पळती गाडी.”