दोन फुटाची टाकी आणि सात मासे

ही टाकी बघा. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरातली, सोप्यात, उन्हापासून लांब ठेवलेली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, आत सात मासे. घरी येणारं प्रत्येक माणूस पहिलं हेच म्हणतं, एवढी टाकी आणि एवढेच मासे होय, अजून चार घाला की. आजचा व्हिडिओ या "अजून चार घाला की" वरच आहे.

आधी पाणी मोजूया, मासे नंतर. 60 सेंटीमीटर गुणिले 30 गुणिले 30, त्याला हजारने भागलं की 54 लिटर येतं. पण खाली पाच सेंटीमीटर खडी आहे, वर तीन-चार बोटं मोकळी सोडावी लागतात नाहीतर मासा उडी मारून बाहेर पडतो, मग उरलं किती, तर चाळीसच्या आतच. या तेवढ्या पाण्यातच त्यांनी जन्मभर श्वास घ्यायचा, खायचं आणि घाण पण करायची.

माझी पहिली टाकी याच मापाची होती. एका रविवारी बाजारातनं अकरा मासे आणले, चार गोल्डफिश, दोन एंजल, चार गप्पी आणि काच साफ करतो म्हणून एक सकर. सगळे बोटाएवढे, पिशवीत इतके गोड दिसत होते की टाकी रिकामीच वाटली मला. चौथ्या दिवशी सकाळी पाणी पेजेसारखं धुरकट झालेलं आणि आई हाका मारायला लागली, "अरे बघ की हे, सगळे वर येऊन तोंड उघडमीट करायलेत!" मी घाबरून सगळं पाणी ओतलं, खडी धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. तिथंच जास्त चुकलं. आठवड्यात सहा मासे गेले. रोग कुठलाच नव्हता त्यांना, जागा कमी पडली आणि मला कळलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

झालं काय होतं ते सांगतो. माशाची घाण म्हणजे नुसती खाली पडलेली विष्ठा नव्हे. मासा कल्ल्यांमधून सारखा अमोनिया सोडत असतो आणि तो डोळ्याला दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ असलं तरी त्यात मासे मरण्याइतका अमोनिया असू शकतो. याला संपवतात ते बॅक्टेरिया, जे स्पंजमध्ये, खडीवर, काचेवर घर करून राहतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच कमी त्रासाचं असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. नव्या टाकीत ही फौज उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत अजून जास्त. मी चौथ्या दिवशी जी काही थोडीफार तयार झाली होती ती पण नळाच्या क्लोरीनखाली धुऊन टाकली. स्पंज धुवायचा असेल तर टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात हलक्या हाताने पिळायचा, एवढंच.

आता दुसरी गोष्ट, मासा वाढतो. हे सगळ्यांना माहीत असतं पण विकत घेताना कुणाच्या डोक्यात राहत नाही. चार सेंटीमीटरचा गोल्डफिश नीट सांभाळला तर पंधरा-सोळा सेंटीमीटरचा होतो. लांबी चौपट झाली तर अंग चौपट होत नाही, लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे चौपट, म्हणजे चौसष्ट पट! म्हणून इंचाला अमुक लिटर असा जो हिशोब लोक सांगतात तो झेब्रा डॅनिओ, निऑन असल्या बारक्या माशांपुरता ठीक आहे, गोल्डफिशला लावू नका. आणि तो सकर, तो एक-दीड फुटाचा होतो, दोन फुटाच्या टाकीत त्याला वळता पण येणार नाही. शार्क म्हणून जे बारके मासे विकतात ते तर पंगॅसियस, मोठे झाले की मीटरच्या वर जातात. घेताना दुकानदाराला एकच विचारा, मोठा झाला की केवढा होतो? आणि नको झालेला मासा दया म्हणून किल्ला तलावात किंवा नदीत सोडू नका, बाहेरचा सकर तिथं तग धरला तर तिथल्या माशांचं खाणं आणि जागा दोन्ही खातो. मी माझा परत दुकानात नेऊन दिला आणि उरलेले गोल्डफिश खानापूरला मामांच्या परसातल्या सिमेंटच्या मोठ्या हौदात गेले.

गप्पींचं वेगळंच. एक नर-मादी जोडी आणली तरी महिन्याभरात वीस-तीस पिल्लं, आणि मादी एकदा नरासोबत राहिली की पुढे कित्येक महिने नर नसतानाही पिल्लं देत राहते. गप्पी पाहिजेच असतील तर नुसते नर आणा.

आमच्याकडे जुलैत पाऊस लागला की लाईट जाते, कधी कधी तास न् तास. फिल्टर बंद, पंप बंद. पाण्यात ऑक्सिजन वरच्या पृष्ठभागातूनच जातो, आणि गर्दीच्या टाकीत तो पुरत नाही, मासे तासा-दोन तासात वर येतात. अशा वेळी तांब्याने टाकीतलंच पाणी काढून वितभर उंचीवरून हळूहळू परत ओतायचं, पाच-दहा मिनिटं, मग थोडं थांबून परत. त्या रात्री खाणं घालायचं नाही. सात माशांच्या या टाकीला गेल्या पावसात तांब्या लावावाच लागला नाही.

नळाला पाणी रोज येत नाही म्हणून आमच्याकडे बॅरल भरून ठेवायची सवय आहेच, ते इथं कामाला येतं. उघड्या बॅरलमध्ये दिवसभर राहिलं की साधं क्लोरीन उडून जातं, त्यातलं घेऊन आठवड्याला टाकीतलं साधारण चौथा हिस्सा पाणी बदलतो. सगळं एकदम कधीच नाही.

आणि हे सात. झेब्रा डॅनिओ. आपल्याच देशातल्या ओढ्यांचा मासा, बेळगावच्या डिसेंबरच्या थंडीत हीटरशिवाय राहतो, कळपात राहायला लागतो म्हणून सहापेक्षा कमी ठेवत नाही. सकाळी झाकण उचललं की सातही जण डाव्या कोपऱ्यात येतात, मी चिमटीत जेवढं मावतं त्याच्या निम्मं टाकतो, आणि मग बघा, निळ्या पट्ट्यांची ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि एकालाही दुसऱ्याचा धक्का लागत नाही. परवा भाचा आलेला, त्याने पण काचेला नाक लावून विचारलं, "मामा, मधे एवढं मोकळं का हाय?" मी म्हटलं थांब जरा, आता वळतील बघ. आणि ते वळले, सगळे एकदम, बरोब्बर मधोमध.